चिंता, पैसा आणि विश्वास: रोजच्या जगण्यात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मोहरीचा_दाणा (धागाकर्ता)

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

आमच्या बायबल स्टडीत सध्या लूकच्या शुभवर्तमानाचा (म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा) १२वा अध्याय चालू आहे आणि त्यावरून चांगलीच चर्चा रंगली, वेळ संपला पण विषय संपला नाही, म्हणून इथे धागा काढतोय. हा अध्याय आपण सगळ्यांनी कितीतरी वेळा वाचलाय पण एक गोष्ट माझ्या आत्ता लक्षात आली ती म्हणजे त्यातला क्रम.

गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की वतनाचा वाटा मला दे. म्हणजे भावाभावांचं भांडण. येशू म्हणतो मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमलं, आणि मग तो श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगतो. या शेतकऱ्याने काय वाईट केलं होतं बघा. चोरी नाही, लबाडी नाही, जमिनीला पीक भरपूर आलं, ठेवायला जागा पुरेना, तर तो म्हणतो जुनी कोठारं मोडून मोठी बांधतो आणि मग स्वतःच्याच जिवाला सांगतो की बाबा आता निवांत राहा, खा, पी, मजा कर. पूर्ण दाखल्यात हा माणूस दुसऱ्या कोणाशी बोलतच नाही. बायको नाही, मजूर नाही, शेजारी नाही, देव तर नाहीच. आणि देव त्याला म्हणतो, मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल.

आता पुढे काय येतं? तर लगेच येशू शिष्यांकडे वळून सांगतो, म्हणून मी तुम्हाला सांगतो, आपल्या जिवाची चिंता करू नका. हेच बोलणं मत्तयच्या शुभवर्तमानातही आहे, तिथे पाखरं म्हटलंय, लूकमध्ये थेट कावळे. कावळा, जो जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या ११व्या अध्यायात अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे! त्याला कोठार नाही, कणगी नाही, तरी देव त्याला खायला देतो. म्हणजे कोठार वाल्या माणसाची गोष्ट आणि ज्यांच्याकडे काहीच नाही अशा शिष्यांची काळजी, दोन्ही येशूने एकाच दमात घेतल्या.

मला यातून असं दिसतं की श्रीमंताची निश्चिंती आणि गरिबाची चिंता हा एकच आजार आहे. एकाला वाटतं माझ्याकडे भरपूर आहे म्हणून मी सुरक्षित, दुसऱ्याला वाटतं माझ्याकडे नाही म्हणून मी असुरक्षित. पण दोघांनीही हे मान्यच केलंय की जीव मालमत्तेवर टिकतो. येशू नेमकं तेच नाकारतोय.

आता हे पटतं, पण सोमवारी सकाळी हे जगायचं कसं? बचत करायची की नाही, विमा काढायचा की नाही, आणि खिसा खरोखर रिकामा असेल तेव्हा काय? तुमचे अनुभव आणि विचार लिहा. नुसतं आमेन लिहून जाऊ नका प्लीज.

वल्हेकरी

विषय चांगला आहे पण मला थोडी दुसरी बाजू मांडायची आहे कारण अशा चर्चेत आपण फार पटकन आध्यात्मिक होतो. घरात कमावणारा मी एकटा आहे. म्हातारे आईवडील, दोन मुलं. मी जर उद्याचा विचारच केला नाही तर तो विश्वास नाही, तो बेजबाबदारपणा. १ तीमथ्य ५:८ स्पष्ट म्हणतं की जो स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे आणि तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. नीतिसूत्रे ६ मधली मुंगी उन्हाळ्यात साठवते आणि तिचं कौतुकच केलंय. येशू स्वतः म्हणतो बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा (लूक १४). प्रेषित पौल तंबू बनवून पोट भरायचा. आणि योसेफाने तर मिसर देशात येणाऱ्या दुष्काळासाठी सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा साठवून ठेवला, त्याला कोणी मूर्ख म्हटलं नाही, उलट त्याच्यामुळे सगळे वाचले.

मी पाहिलेत असे लोक जे "प्रभू पुरवेल" म्हणत कामधंदा टाळतात आणि मग बायको इकडून तिकडून उसने आणून घर चालवते. त्या बाईचा विचार कोण करणार? तिच्याच जिवावर याचा विश्वास चाललेला असतो.

ओलीव्ह

वल्हेकरी +१. शेवटचं वाक्य तर फारच खरं.

मोहरीचा_दाणा

वल्हेकरी भाऊ, मुद्दा अगदी मान्य. मी कुठेच म्हणत नाहीये की काम करू नका किंवा साठवू नका. कावळा पण दिवसभर घरट्यात बसून राहत नाही. तुम्ही योसेफाचं उदाहरण दिलंत ते मला फार आवडलं कारण बघा, योसेफाने पण कोठारं बांधली आणि त्या शेतकऱ्याने पण. बाहेरून काम एकच. पण योसेफाला ते देवाने दाखवलं होतं, ते धान्य देशाच्या भुकेसाठी होतं, आणि वेळ आली तेव्हा त्याने कोठारं उघडली. शेतकऱ्याची कोठारं फक्त आत घ्यायला होती. मला वाटतं प्रश्न कोठार असण्याचा नाहीच, त्याचं दार कोणासाठी उघडतं हा आहे.

जुना_वाचक

एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. योसेफाने धान्य फुकट वाटलं नव्हतं, विकलं होतं. उत्पत्ती ४७ वाचा, लोकांचे आधी पैसे संपले, मग गुरंढोरं गेली, मग जमिनी गेल्या आणि शेवटी ते फारोचे, म्हणजे मिसरच्या राजाचे, दास झाले. लोक स्वतः म्हणतात तुम्ही आमचे प्राण वाचवले हे खरं, पण हा अध्याय अस्वस्थ करणारा आहे आणि तसाच वाचावा. बायबलमधली माणसं आपल्या मुद्द्याला नेहमी नीट बसतीलच असं नाही.

मोहरीचा_दाणा

खरंय. ४७वा अध्याय मी त्या दृष्टीने वाचला नव्हता, आज परत वाचतो. तरी कोठार उघडण्याचा मुद्दा मी धरून ठेवतो, कारण १ तीमथ्य ६ मध्ये श्रीमंतांना तोच सल्ला आहे, परोपकारी, दानशूर व्हा.

पाखरू

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण आज लिहावंसं वाटलं.

माझ्या मिस्टरांचं काम गेलंय. कंपनीने बऱ्याच लोकांना काढलं, त्यात हे. घराच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. मी एक वही केली आहे, त्यात तीन रकाने. एकात या महिन्यात द्यायलाच लागणारे, दुसऱ्यात थांबता येतील असे, आणि तिसऱ्या रकान्याला मी नावच दिलेलं नाही, त्यात अशा गोष्टी आहेत ज्यांचं काय करायचं मला माहीतच नाही. रात्री सगळे झोपले की मी मोबाईलवर बँकेचं ॲप उघडते. मला माहीत असतं की संध्याकाळपासून त्यात काहीही बदललेलं नाहीये. तरी उघडते. आकडा बघते, बंद करते, परत थोड्या वेळाने उघडते.

मी प्रार्थना करते, रोज करते. पण प्रार्थना करून उठले की काळजी जिथे होती तिथेच असते. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या चिंता करणं हे पाप आहे, तुझा विश्वास कमी पडतोय, विश्वास धर. त्या दिवसापासून आता दोन काळज्या झाल्यात. एक पैशाची आणि एक माझ्या विश्वासाची.

इथे सगळे शेतकरी आणि योसेफ यावर बोलताय ते छान आहे पण माझ्याकडे कोठारच नाहीये हो. मला काय सांगाल?

दीपज्योत

पाखरू ताई, आधी हे सांगते की तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आणि त्या ताईंनी जे सांगितलं ते मनावर घेऊ नका, त्यांचा हेतू चांगला असेल पण ते बायबलला धरून नाही.

येशूने "अहो अल्पविश्वासी" कोणाला म्हटलं? आपल्या स्वतःच्या शिष्यांना, आणि त्यांना म्हणून हाकललं नाही, त्याच बोलण्यात पुढे म्हणाला की तुमच्या स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे की तुम्हाला या सगळ्याची गरज आहे. म्हणजे गरज खोटी आहे असं तो म्हणतच नाही. लूकमध्ये तर म्हणतो, हे लहान कळपा, भिऊ नको. हा दम देण्याचा सूर आहे का सांगा. लहान लेकराला जवळ घेऊन बोलतात तसं आहे ते.

आणि विश्वास असलेल्या माणसाला घालमेल होत नाही हे कोणी ठरवलं? वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू म्हणाला माझा जीव मरणप्राय अतिखिन्न झाला आहे. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं की कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, आणि त्याच पौलाने करिंथकरांना लिहिलं की सगळ्या मंडळ्यांची चिंता माझ्यावर रोज येते, आणि एकदा तर आम्ही जगण्याची आशाही सोडली होती. एलीया संदेष्टा जीव वाचवायला पळून रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवाने त्याला काय दिलं? व्याख्यान नाही दिलं. दूत पाठवून खायला दिलं, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. बोलणं नंतर झालं.

तुमच्या वहीवरून मला हिज्कीया राजा आठवला. २ राजे १९. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं, तेव्हा त्याने ते वाचलं आणि सरळ मंदिरात जाऊन ते पत्र परमेश्वरापुढे उघडून पसरलं. किती साधी गोष्ट आहे ना. पत्र लपवलं नाही, धमकी खोटी आहे असंही म्हटलं नाही, प्रार्थनेत तर सरळ म्हणतो की अश्शूरच्या राजांनी खरोखरच राष्ट्रं उद्ध्वस्त केली आहेत. ताई, ती वही तशीच देवापुढे उघडा. तिन्ही रकाने. खास करून तो बिननावाचा. "हे प्रभू, तू सगळं जाणतोस" असं मोघम नको, हप्त्याचा आकडा मोठ्याने वाचून दाखवा त्याला. मी हे स्वतः करते, काळजी एका फटक्यात जात नाही पण आपण एकटेच हिशोब करत बसलेलो नाही एवढं तरी नक्की कळतं.

अजून एक. झोप पार उडाली असेल, छातीत धडधड, जेवण जात नाही असं खूप दिवस चाललं असेल तर डॉक्टरला दाखवा. त्यात विश्वासाला कमीपणा नाही. ताप आल्यावर गोळी घेताना आपण विश्वास तपासत बसत नाही.

शाईपेन

दीपज्योत, हिज्कीयाचा मुद्दा लिहून ठेवतोय.

मला इथे जॉर्ज म्युलरबद्दल लिहायचं आहे कारण या विषयावर बोलताना त्याचं नाव येतंच आणि बहुतेक वेळा अर्धवट येतं. जन्म १८०५, प्रशियातला (आताच्या जर्मनीतला). तरुणपणी हा माणूस पैशाच्या बाबतीत अजिबात भरवशाचा नव्हता, बापाचे पैसे लांबवायचा, एकदा खानावळीचं बिल बुडवलं म्हणून तुरुंगातही गेला. पुढे इंग्लंडमध्ये पाळक (चर्चचा धर्मगुरू) झाला आणि १८३० मध्ये ठरलेला पगार घेणंच सोडून दिलं. १८३६ मध्ये ब्रिस्टलला अनाथ मुलांसाठी घर सुरू केलं. १८९८ मध्ये तो वारला तोपर्यंत दहा हजारांवर मुलं त्याच्या घरांमधून वाढली. कोणा माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचं नाही, फक्त देवाला सांगायचं, हा त्याचा नियम.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण तोच माणूस पै पैचा हिशोब ठेवायचा आणि दरवर्षी तो छापून लोकांसमोर ठेवायचा हे कोणी सांगत नाही. ज्याचा भरवसा देवावर आहे त्याचे हिशोब ढिसाळ असतात हे कुठून आलं कळत नाही. उलट त्याचेच हिशोब उघडे असायला हवेत कारण त्याला लपवायचं काही नसतं.

तसंच पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आणलं, पुढच्या महिन्याची तरतूद हातात आहे का हे बघून नाही आणलं. पण त्यांनी उभ्या केलेल्या मुक्ती मिशनमध्ये शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. प्रार्थना पण जबरदस्त आणि काम पण जबरदस्त.

जुना_वाचक

शाईपेन, म्युलरबद्दल आदर आहेच. पण वार्षिक अहवाल छापणं हेही एका अर्थाने गरज कळवणंच झालं, नाही का? मी दोष काढत नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की "मी कोणाला सांगितलं नाही, फक्त देवाला सांगितलं" हा नियम त्याच्यासाठी होता, सगळ्यांसाठी नाही. पौलाने यरुशलेमच्या गरीब पवित्र जनांसाठी (विश्वासणाऱ्यांसाठी) सरळ सरळ वर्गणी गोळा केली, २ करिंथचे ८ आणि ९ हे दोन अध्याय त्यासाठीच आहेत. म्हणून कोणी मदत मागितली तर त्याचा विश्वास खालच्या दर्जाचा असं कोणी समजू नये.

आणि दुसरी एक गोष्ट जी मला या विषयात सगळ्यात जास्त खटकते. हल्ली मोठमोठ्या सभांमध्ये सांगतात की विश्वासाने पेरा म्हणजे शंभरपट मिळेल, एवढं दान द्या म्हणजे कर्ज फिटेल, आजार जाईल. माफ करा पण हा देवावर भरवसा नव्हे, हा पैशावरच भरवसा आहे, फक्त देवाला मध्ये एजंट म्हणून बसवलंय. आणि यात भरडला कोण जातो? पाखरू ताईंसारखी माणसं, ज्यांच्याकडे आधीच नाही आणि जे असेल तेही भीतीपोटी टाकतात. मार्क १० मध्ये शंभरपट म्हटलंय ते खरं, पण त्याच वाक्यात "छळणुकीबरोबर" असंही म्हटलंय, ते शब्द सभेत ऐकू येत नाहीत.

इब्री ११ घ्या. विश्वासाने कोणी सिंहांची तोंडं बंद केली, कोणी तलवारीच्या धारेपासून वाचले. आणि पुढे त्याच परिच्छेदात, कोणी दगडमार सोसला, कोणी करवतीने चिरले गेले, कोणी मेंढ्यांची कातडी पांघरून कंगाल अवस्थेत फिरले. दोघांच्याही विश्वासाबद्दल चांगलीच साक्ष दिली आहे. शद्रख, मेशख आणि अबेदनगो त्यांना धगधगत्या भट्टीत टाकायला निघालेल्या राजाला म्हणाले आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. हबक्कूक संदेष्टा म्हणतो अंजिराला फूल आलं नाही, शेतात अन्न पिकलं नाही, वाड्यात मेंढरू उरलं नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. यात कुठेही "कारण पुढच्या वर्षी दुप्पट मिळेल" असं नाहीये. तो सगळ्या गोष्टींची नावं घेऊन सांगतोय की हे हे हे नाही, आणि देव आहे.

ओलीव्ह

जुना_वाचक, एजंट शब्द कडक आहे पण बरोबर आहे. मी स्वतः अशा सभांना जायचे. घरी येताना आनंद कमी आणि आपण पुरेसं टाकलं का हीच धाकधूक जास्त असायची.

वल्हेकरी

इतकं सगळं वाचल्यावर माझा प्रश्न आता बदललाय. बचत चूक नाही हे सगळ्यांनीच मान्य केलं. मग ती कधी चूक होते? म्हणजे मी आज आणीबाणीसाठी म्हणून थोडं बाजूला ठेवतो, मग मुलांच्या शिक्षणासाठी, मग म्हातारपणासाठी, आणि प्रत्येक कारण खरंच असतं. कुठल्या टप्प्यावर माणूस त्या कोठार वाल्या शेतकऱ्यासारखा होतो? कारण त्यालाही ते कळलं नव्हतं, त्याच रात्रीपर्यंत. मला खरंच उत्तर हवंय.

मोहरीचा_दाणा

भाऊ, हा प्रश्न मला या सगळ्या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आकडा बायबलमध्ये नाही. श्रीमंत तरुणाला येशू म्हणाला सगळं विकून दे. जक्कय या जकातदाराने अर्धं दिलं आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट, आणि येशू म्हणाला आज या घराला तारण झालं आहे, उरलेलं अर्धं का ठेवलंस असं विचारलं नाही. लूक ८ मध्ये काही स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने येशूची आणि शिष्यांची सेवा करत होत्या, म्हणजे त्यांच्याकडे पैसा होता आणि तो राहिलाही होता. प्रत्येकाला वेगळं सांगितलं कारण प्रत्येकाचं मन वेगळ्या जागी अडकलेलं होतं. जेथे तुझे धन आहे तेथे तुझे मनही लागेल.

पण मान्नाची गोष्ट मला इथे फार मदत करते. निर्गम १६. मान्ना म्हणजे अरण्यात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न. माणशी एक ओमर (एक माप), रोज सकाळी जाऊन गोळा करायचं. काहींनी मोशेचं न ऐकता सकाळपर्यंत शिल्लक ठेवलं, का ठेवलं? उद्या नाही मिळालं तर. त्यात किडे पडले, घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवलं तर त्याला काहीच झालं नाही! तोच मान्ना, तेच भांडं, रात्रही तेवढीच. शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्यासाठी, देवाने सांगितलं म्हणून ठेवलेलं टिकलं, भीतीपोटी ठेवलेलं कुजलं. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. किती ठेवलंय यापेक्षा कशापायी ठेवलंय.

आणि ती भीती ओळखायची कशी? मी स्वतःला काही गोष्टी विचारतो. कोणाची गरज डोळ्यासमोर आली की पहिला विचार त्या माणसाचा येतो की आपल्या शिलकीचा. वरिष्ठांनी खोटं लिहायला सांगितलं तर नोकरीच्या भीतीने मी लिहीन का. आठवड्यातून एक दिवस काम आणि फोन बाजूला ठेवून मी शांत बसू शकतो का, का तेवढ्यात आपलं काहीतरी बुडतंय असं वाटतं. शब्बाथ हा सुद्धा भरवशाचाच सराव होता. लेवीय २५ मध्ये तर सातव्या वर्षी जमीनच पडीक ठेवायला सांगितली आहे, आणि देवाला माहीत होतं लोक काय म्हणणार, तो स्वतःच म्हणतो, तुम्ही विचाराल की सातव्या वर्षी आम्ही काय खावं? म्हणजे आपला प्रश्न त्याने नियमशास्त्रातच लिहून ठेवलाय, उत्तरासकट, की सहाव्या वर्षी मी तीन वर्षं पुरेल इतकं पीक देईन.

मला नीतिसूत्रे ३० मधली आगूरची प्रार्थना फार जवळची वाटते. दारिद्र्य नको आणि संपत्तीही नको, पुरेसं अन्न दे. जास्त झालं तर म्हणेन परमेश्वर कोण, आणि कमी पडलं तर चोरी करीन. दोन्ही बाजूंचा धोका त्याने ओळखलाय. पगार वाढावा म्हणून प्रार्थना करणारे खूप ऐकलेत, अति होऊ देऊ नकोस अशी प्रार्थना करणारा आगूर सोडून अजून ऐकला नाही.

शाईपेन

मान्नाबद्दल एक भर घालतो. ज्याने पुष्कळ गोळा केलं त्याला जास्त झालं नाही आणि ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही, हे निर्गममधलं वाक्य पौलाने २ करिंथ ८ मध्ये घेतलंय, आणि कशासाठी? तर मंडळ्यांनी एकमेकांना मदत करावी म्हणून. तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी, पुढे त्यांच्या विपुलतेतून तुमची. म्हणजे अरण्यात जी वाटणी देव करत होता ती आता मंडळीने करायची आहे. "प्रभू पुरवेल" हे वाक्य म्हणायचा अधिकार त्यालाच आहे जो पुरवायला स्वतः उठतो. याकोबाने आपल्या पत्रात हेच तर झापलंय, उघड्या माणसाला ऊब घ्या, तृप्त व्हा म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही.

दीपज्योत

शाईपेन, एकदम मनातलं. पाखरू ताई, तुमच्या मंडळीत कोणाला ही वही दाखवली आहे का? पाळकांना किंवा एखाद्या वडील माणसाला?

पाखरू

नाही. लाज वाटते. आम्ही नेहमी देणाऱ्यातले होतो. नाताळला, आजारी माणसाला, कोणाच्या फीला. घेणाऱ्यात कधी नव्हतो. यांना तर अजिबात आवडणार नाही.

जुना_वाचक

ताई, पौलालाही घ्यायला लागलं होतं. फिलिप्पै ४ मध्ये तो म्हणतो मला उपवासी राहणं कळतं आणि विपुलतेत राहणंही कळतं, आणि लगेच पुढे म्हणतो तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगलं केलंत. "माझा देव तुमची सर्व गरज पुरवील" हे वचन आपण भिंतीवर लावतो ना, ते त्याने अशा लोकांना लिहिलंय ज्यांनी नुकतीच त्याची गरज भागवली होती. देणं सोपं असतं, त्यात आपला हात वर असतो. घेताना समोरच्यावर भरवसा टाकावा लागतो, आणि ज्यांना घेता येत नाही त्यांना देवाकडूनही घेणं जड जातं असं माझं निरीक्षण आहे. मिस्टरांना सोबत घेऊन जा. एकट्या जाऊ नका.

वल्हेकरी

पाखरू ताई, एक व्यवहाराची गोष्ट. हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोला, चुकल्यावर नको. काम गेल्याचं पत्र सोबत न्या. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळतो का ते विचारा, सगळ्यांना मिळतोच असं नाही पण आधी गेलेल्या माणसाचं ऐकून घेतात. आणि जे काही ठरेल ते लेखी घ्या. मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्यांच्या नादी मात्र बिलकुल लागू नका.

पाखरू

सगळ्यांना धन्यवाद. मध्ये लिहायला जमलं नाही.

आम्ही दोघं पाळकसाहेबांकडे गेलो होतो. हे आधी नाही म्हणत होते, मग तयार झाले. वही दाखवली. पाळकसाहेबांनी काहीच उपदेश केला नाही, सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले तिसऱ्या रकान्यातलं आपण एक एक घेऊ. मंडळीतले एक काका बँकेतून रिटायर झालेत, ते आमच्याबरोबर बँकेत आले. मुदत वाढवून मिळाली, हप्ता कमी झाला. यांना अजून काम लागलेलं नाही. ॲप अजूनही रात्री उघडलं जातं, पण कमी. वही मात्र रोज देवापुढे उघडते, दीपज्योत ताईंनी सांगितलं तशी.

एक विचारायचं राहिलं. मुलांना यातलं किती सांगावं? मोठ्याला कळतंय की काहीतरी बिनसलंय. त्यांच्यावर ओझं नको असं वाटतं म्हणून आम्ही त्यांच्यासमोर गप्प असतो.

दीपज्योत

देवाची स्तुती असो! ताई, खूप बरं वाटलं वाचून.

मुलांचं म्हणाल तर २ राजे ४ वाचा, संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा. नवरा परमेश्वराचं भय धरणारा होता, आणि तरी कर्ज ठेवून वारला हे आधी लक्षात घ्या. सावकार दोन्ही मुलांना दास करून न्यायला आलाय. घरात तेलाचं एक भांडं सोडून काहीच नाही. अलीशा संदेष्टा तिला सांगतो शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, थोडीथोडकी नको, आणि घरात जाऊन मुलांना आत घेऊन दार लाव, आणि तेल त्यांत ओत. त्या मुलांना तिने बाहेर खेळायला पाठवलं नाही. ती ओतत होती आणि मुलं भांडी आणून देत होती. शेवटी ती म्हणते अजून एक आण, तर मुलगाच सांगतो की भांडं उरलं नाही. ज्यांच्यावर संकट होतं त्यांच्याच हातातून ते तेल गेलं. आणि मग अलीशा म्हणतो जा, तेल विक, कर्ज फेड आणि जे उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं गुजराण करा. चमत्कार झाल्यावरही विकायला तिलाच जावं लागलं, फेडायलाही तिलाच.

त्यामुळे मोठ्याला सांगा. आकडे सगळे नको, पण बाबांचं काम गेलंय, आपण खर्च कमी करतोय, आणि आपण रोज देवाला सांगतोय हे सांगा. प्रार्थनेला बसताना वही त्याच्यासमोरच उघडा आणि एखादी ओळ त्यालाच वाचायला द्या. धाकट्याला एवढंच पुरे की घरात जे काही होईल ते आपण सगळे मिळून करू.